शेवटचं शून्य

प्रिय मित्रा,

आठ महिन्यांत एक ओळ नाही, तेव्हा शिव्या आधीच मान्य. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच. मंगळवारी वर्गात जे झालं ते घरी सांगितलं तर "मग त्यात काय एवढं?" म्हणतील, आणि स्टाफरूममध्ये सांगायची लाज वाटते. उरलास तू.

फळ्यावर लिहिलं, ०.३५ मोठं की ०.४? उजळणी, दोन मिनिटांचं काम. नेहमीचे हात वर. पहिल्या बाकावरची म्हणाली, ०.३५. का गं? "पस्तीस चारापेक्षा मोठे." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. आणि ही मंडळी दशांशाच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवलेली!

मला काही सुचेना, म्हणून गप्प उभा राहिलो. तुझी पाठीमागे बोटं मोजायची सवय आठवली. 'सरांची समाधी' म्हणायचो आम्ही तिला. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर गप्प मुलंही बोलू लागतात, हे मेरी बड रो यांचं संशोधन तू मला तीनदा ऐकवलंस आणि मी तीनदा म्हटलं, पोर्शन कोण पुरा करणार, तुझी समाधी? तर या वेळी थांबलो. शेवटच्या बाकावरचा, कधीच हात वर न करणारा, वहीकडे बघतच पुटपुटला, "चार म्हणजे चाळीसच ना सर. शेवटचं शून्य लिहिलं नाही, एवढंच."

घरी येऊन चाचणीचा पेपर बघितला. माझाच. पाचही जोड्यांत दोन्हीकडे दोन-दोन अंक. ०.३५ आणि ०.४२, ०.६१ आणि ०.५८. दशांश चिन्ह बोटाने झाकलं तरी उत्तर बरोबरच येतं! या पोराला त्यात दहापैकी सहा, कारण शेवटच्या दोन जोड्या वेळेत झाल्या नाहीत. नोंदवहीत माझ्याच अक्षरात, 'सहभाग कमी. सरावाची गरज.'

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मूल शिकत असतानाच ते कसं शिकतंय याच्या, या नोंदी मी वर्षानुवर्षं रविवारी बसून, चेहरे आठवत, एका दमात उरकल्या रे. वही नेटकी की 'आकलन चांगले'. अक्षर गचाळ की आकलनही गचाळ. एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० साली दाखवलं. प्रशिक्षणात त्यावर टीप लिहून मी मार्कही घेतले होते!

तू वह्यांवर गुण न देता नुसते शेरे लिहायचास, तेव्हा तुला आळशी म्हटलं होतं. तू रूथ बटलरबाईंचा १९८८चा प्रयोग काढलास: नुसत्या शेऱ्याने मुलं सुधारली, सोबत गुण दिले की शेरा वाया. मी म्हटलं, पालकांनी शेरा काय फ्रेम करून लावायचा? वाक्य अजून झकास वाटतं मला. पण वाद तू जिंकलास, हे लेखी घे, पुन्हा मिळणार नाही.

आता तास संपताना प्रत्येकाकडून एका उत्तराची चिठ्ठी घेतो आणि तीन ढीग करतो: कळलं, अर्धवट, नाहीच. काल अर्धवटाचा ढीग सगळ्यात उंच होता. पण चाचणीचे गुण तर वर पाठवून झालेत. शेवटच्या बाकावरच्याची नोंद खोडू का? खोडली तर पहिल्या बाकावरचीच्या दहापैकी दहाचं काय करू? चूक तिची नाही, पेपराची. तू काय केलं असतंस, सरळ सांग. समाधी नको.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या घरात पुस्तकांना जागा मिळाली का? लेकीचा निकाल कळव.

तुझा,
घाईवाला

ता.क. आज तो पुन्हा काहीच बोलला नाही. पाच सेकंद थांबलो होतो.