माझ्या सहीने बंद झालेलं मैदान : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : महाविद्यालय विकास समितीवर माझ्या नकळत झालेली माझी नेमणूक, आणि तीबद्दल आभार.

महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि. मी एसटीत 31 वर्षं वाहकाची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. पत्र लिहायची सवय नाही, खुलं तर नाहीच. आजवर जे लिहिलं ते वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर. एखादा शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्या. काही शब्द मुद्दाम जास्त होतील, तेही घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावी एक कॉलेज आहे. कला, वाणिज्य, विज्ञान. नाव लिहीत नाही, कारण माझ्या मुलीची मूळ कागदपत्रं अजून त्यांच्या कपाटात आहेत. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडून, मिलो ज्वारी खाऊन जी माणसं जगली, त्यांनी पोटाला चिमटा काढून हे कॉलेज उभं केलं. तिघांनी जमीन दिली. माझे वडील गवंडी, द्यायला जमीन नव्हती. त्यांनी चाळीस दिवस मजुरी न घेता मैदानाच्या पायऱ्या बांधल्या. सगळ्यात खालच्या पायरीच्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर खिळ्याने त्यांनी 1976 असं कोरलं होतं. ओल्या सिमेंटमध्ये सहाचं पोट भरून आलं होतं, त्यामुळे ते 1970 वाचलं जायचं. यावरून आई त्यांना कायम चिडवायची.

कॉलेजचं मैदान ते गावाचं मैदान. पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं-पोरी, सहाला मधुमेहवाले, रविवारी टेनिस बॉलचे सामने. मागच्या वर्षी तुळशीची लग्नं लागली, माणसांची सुरू झाली, आणि मैदानाला फाटक आलं. फाटकावर पाटी : ‘लॉन्स, मंगल कार्यासाठी उपलब्ध’. लॉन म्हणजे हिरवळ, असं मुलगी म्हणाली. आमच्या आळीत चार दिवसांआड पाणी येतं, साहेब. हिरवळीला मात्र बोअर आहे. स्टेजसाठी पायऱ्या फोडल्या. वडिलांचं 1976 कुठल्या ट्रॉलीतून कुठल्या खड्ड्यात गेलं, कळलं नाही.

माझी मुलगी याच कॉलेजातून बी.ए. झाली आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना 800 मीटर धावावं लागतं. मैदानाच्या दोन फेऱ्या. तिने ते तीन मिनिटांच्या आत आणलं होतं. मी पायरीवर बसून मोबाइलवर वेळ लावायचो, ती शेवटच्या वळणावर दात-ओठ खायची. फाटक बंद झाल्यावर ती आणि आणखी चौघीजणी राज्य मार्गाच्या कडेने पळू लागल्या. डिसेंबरचा महिना, पहाटेचं धुकं, गळीत हंगाम जोरात. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, टेपवर गाणी इतकी मोठी की त्याला त्याच्याच इंजिनचा आवाज ऐकू येत नसेल. पोरगी साइडपट्टी सोडून बाजूला उडाली, ती पाइपलाइनच्या चरात. घोटा मोडला. दोन स्क्रू आहेत आत. मैदानी चाचणीला 19 दिवस उरले होते.

दवाखान्याचं बिल 68 हजार. माझी पेन्शन महिना 3,100. हिशेब आपणच करा, आपल्याकडे माणसं आहेत. घरात पंधरा दिवस कुणी नीट बोललं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि बायको स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायची, “पाठवायचीच कशाला रस्त्यावर?” मी काय उत्तर देणार? बत्तीस हजार उसने आणले ते ज्याच्याकडून आणले तो आता बसस्टँडवर भेटला की आधी पैशांचं विचारतो, मग पायाचं.

गंमत अशी की तो ट्रॅक्टर ज्या कारखान्याकडे चालला होता, त्या कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या कॉलेजचे अध्यक्ष एकच. म्हणजे मैदानातून बाहेर काढलं त्यांनीच, आणि रस्त्यावरून चरात घातलं तेही त्यांनीच. सेवा एका छताखाली म्हणतात ती हीच असावी.

आता मूळ मुद्दा. जानेवारीत अर्ज घेऊन कॉलेजात गेलो. मागणी साधी : लग्न नसेल त्या दिवशी पहाटे दोन-तीन तास फाटक उघडा. प्राचार्य म्हणाले, माझ्या हातात नाही, विश्वस्तांना भेटा. विश्वस्त कॉलेजात कधी येतात? तर 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि साहेबांचा, म्हणजे अध्यक्षांचा, वाढदिवस. वाढदिवसाला रक्तदान असतं. रक्त मुलांचं, फोटो साहेबांचा. बाहेर पडताना ऑफिसातला क्लार्क पाठोपाठ आला. हा मुलगा पाच वर्षं माझ्या गाडीने पासवर शिकला. हळूच म्हणाला, “मास्तर, तुम्ही अर्ज कशाला देताय? तुम्ही तर सीडीसीचे मेंबर आहात.”

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने नॅकसाठी, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्यांसाठी, केलेली फाइल दाखवली. महाविद्यालय विकास समिती, स्थानिक सदस्य, माजी विद्यार्थी प्रतिनिधी : माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तीन सभांना मी हजर. आणि ऑगस्टच्या सभेत ठराव क्रमांक 6 : ‘संस्थेच्या उत्पन्नवाढीसाठी क्रीडांगणाचा काही भाग मंगल कार्यास भाडेतत्त्वावर देण्यात यावा.’ सूचक, सचिव महोदय. अनुमोदक, मी.

साहेब, त्या ऑगस्टच्या तारखेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्याला हिरवी पट्टी. मला स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि त्या हाताने मी ठरावाला अनुमोदन देऊन आलो! सही मात्र सुबक केली आहे, माझ्यापेक्षा चांगली. मी 31 वर्षं दिवसातून चार वेळा सही केलेला माणूस; माझ्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली जाते, ही वर जाते. कागद हातात घेऊन मी कितीतरी वेळ ती शेपटीच बघत बसलो. पोरीला अजून हे सांगितलेलं नाही. या पत्रातूनच कळेल.

मग मी कायदा वाचायला घेतला. निवृत्त माणसाला वेळ असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016, कलम 97. आपल्याला पाठच असेल. प्रत्येक संलग्न कॉलेजात ही समिती हवी. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, निवडून आलेले शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी परिषदेचे दोन पदाधिकारी, आणि चार स्थानिक माणसं : शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतली, त्यांत किमान एक माजी विद्यार्थी. वर्षातून किमान चार सभा. वाचून मला खरंच बरं वाटलं. कुणीतरी मुंबईत बसून विचार केला होता की गावाचं कॉलेज गावाला विचारून चालावं. फक्त त्या चार माणसांना नेमायचं कुणी, तर व्यवस्थापनाने. म्हणजे ज्याला विचारायचं, त्यानेच विचारणारा निवडायचा. आमच्याकडचे चार म्हणजे साहेबांचे साडू (उद्योग), दूध संघाचे व्हाइस चेअरमन (समाजसेवा), ज्या गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली ते (शिक्षण), आणि मी, आंधळा.

विद्यार्थी परिषदेचं म्हणाल तर तिच्या निवडणुका याच कायद्यात आहेत. 2019 ला लागता लागता राहिल्या, आणि आमच्या कॉलेजात आजतागायत मतपेटी आलेली नाही. मैदानाच्या करारातही असंच कौशल्य. सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, सार्वजनिक न्यासांच्या कायद्याचं कलम 36. म्हणून करार 11 महिन्यांचा. संपला की दुसरा 11 महिन्यांचा. कायदा मोडायची गरजच नाही, त्याला वळसा घालून फाटकातून आत जाता येतं.

हे सगळं आधी असं नव्हतं. 1984 ला मी एफवायला होतो. तेव्हाचे अध्यक्ष धान्याचे अडत दुकानदार. जमाखर्चाच्या वहीत बाजरीच्या पोत्यांखाली पोरांची फी लिहिलेली असायची. ज्याची थकली त्याच्या बापाला बाजारच्या दिवशी बोलावून विचारायचे, “अडचण काय आहे?” आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर एका वस्तीवर होतं, ओढ्यावर बांध घालायचा होता. ते तिसऱ्या दिवशी एसटीने आले, धोतर खोचून पाटी उचलली, आणि दुपारी आमच्याच पंगतीत पिठलं खाऊन परत एसटीने गेले. पुढे मी वाहक झालो तेव्हा ते माझ्या गाडीत बसायचे. मी “राहू द्या आप्पा” म्हणालो की रागवायचे, सुट्टे पैसे काढून हातावर मोजायचे. बांध अजून आहे. आप्पा नाहीत. त्यांचा नातूही विश्वस्त मंडळावर नाही, कारण कधीतरी एका सभेत विश्वस्त बदलले, धर्मादाय कार्यालयात तसा बदल अर्ज गेला आणि मंडळातली नऊपैकी सहा नावं एकाच घरातली झाली. अध्यक्ष, चिरंजीव, सूनबाई, मेहुणे, आणखी एक चिरंजीव, आणि सहावं नाव कोणाचं ते गावात अजून वाद आहेत.

महाराष्ट्रात याची सुरुवात कशी झाली, हे मी आपल्याला सांगावं असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा केलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडून बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घातलं. तिथून 1983 ला विनाअनुदानित कॉलेजांचा दरवाजा उघडला आणि मूठ उलटी झाली. तेव्हा मूठ घरातून संस्थेत जायची. आता संस्थेतून घरात जाते.

माझा भाचा अमेरिकेत असतो, कुपर्टिनोला. त्याची बायको तिथल्या डी अँझा कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग करते. त्यांच्याकडे अशा कॉलेजचे विश्वस्त लोक मत देऊन निवडतात, साहेब. ज्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष, त्याच मतपत्रिकेवर खाली कॉलेजचे विश्वस्त. सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो आणि कुणीही उठून बोलू शकतं. मंडळावर विद्यार्थीसुद्धा असतात. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे अशी निवडणूक लागली तर मटणाच्या पंगती उठतील. तो म्हणाला, “मामा, निदान गावाला जेवण तरी मिळेल.” पोरगा तिकडे जाऊन बिघडलेला नाही, हे पाहून बरं वाटलं.

मी अमेरिका मागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पोरांना समाजसहभागाचा उपक्रम करावा लागतो, त्याला श्रेयांक असतात. आमच्या शेजारच्या पोराने केला. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळते, फोटो आपला चिकटवायचा. तरीही त्याला निदान फोटोपुरतं वस्तीवर जावं लागलं. मग विश्वस्तांना श्रेयांक का नकोत? वर्षातून चार दिवस कॉलेजात काढा. एखादा तास मागच्या बाकावर बसून ऐका. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला विचारा मानधन कधी झालं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून बघा, लागते का. नाही भरले श्रेयांक, तर पोरांसारखं यांनाही एटीकेटी. दुसऱ्यांदा नापास झाले तर घरी.

आम्हाला एक रुपया कमी आला तर पगारातून कापत होते. तपासणीस गाडीत चढला की छातीत धडधडायचं, चूक नसली तरी. एक माणूस विनातिकीट सापडला तर वाहकावर केस. 2021 च्या संपात साडेपाच महिने घरात पगार आला नाही, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने आम्हाला शिस्त शिकवली. इथे अख्खं विश्वस्त मंडळ वर्षानुवर्षं विनातिकीट चाललंय, आणि तपासणीसच त्यांना खिडकीची जागा देतो! मी तक्रार केली आहे. पोच आहे, शिक्का आहे, तारीख आहे. उत्तर नाही. तक्रार घेणाऱ्या टेबलावरचे गृहस्थ मला म्हणाले, “सदस्य तुम्हीच, ठराव तुमचाच, मग तक्रार कुणाविरुद्ध?” कायद्याने बघाल तर त्यांचं काही चुकलं नाही.

बरंच लांबलं. मागायला बसलो होतो ते एवढंच. फाटक पहाटे पाच ते आठ उघडं ठेवा. समितीवरच्या चारही स्थानिक माणसांची नावं आणि फोटो कॉलेजच्या दारावर लावा, म्हणजे आम्हाला आमची नेमणूक तरी कळेल. सभेचं इतिवृत्त आठ दिवसांत त्याच दारावर. आणि ठराव क्रमांक 6 चं माझं अनुमोदन मी मागे घेतो. रीतसर, या पत्राने. पुढची सभा कधी आहे ते कळवावं, मी सदस्य आहे, येणार आहे. भत्ता नको, एसटीने येईन, आणि तिकीट काढून येईन.

मुलगी आता काठी न घेता चालते. पळायला डॉक्टरांनी जूनपर्यंत नको म्हटलंय. पुढच्या भरतीची जाहिरात कधी निघेल, हे आपल्या खात्याचं काम नाही, तरी मंत्रिमंडळात कानावर आलं तर सांगा.

आपला,
निवृत्त वाहक, आणि कलम 97 प्रमाणे स्थानिक सदस्य

(सही. शेपटी खाली गेलेली आहे, तपासून घ्यावी.)