नोकरीच्या जाहिरातीतल्या बिनकामाच्या अटी काढायला मदत हवीय

नमस्कार मंडळी, यावेळी आधी तुमचा वेळ मागतोय. पैसेही लागणारच आहेत, पण ते खाली सांगतो.

आमच्याकडे नोकरी शोधायला जी माणसं येतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना इंटरव्ह्यूत कोणी नाकारलेलंच नसतं, कारण तिथपर्यंत ती पोचतच नाहीत. मुलांसाठी काही वर्षं घरी थांबलेल्या बाईंचा अर्ज 'गॅप' म्हणून बाजूला, पन्नाशीत नोकरी गेलेल्या काकांचा वयामुळे, व्हीलचेअरवरच्या मुलाला तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे एवढंच कळवतात, आणि घरातली पहिलीच ग्रॅज्युएट असलेली मुलगी कुणाच्या ओळखीतच नसते त्यामुळे जागा निघाल्याचं तिला कळतं तोवर जागा भरलेली असते.

हे आमच्या मनाचे खेळ नाहीत बरं का. बोस्टन आणि शिकागोमध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी सुमारे 5000 बनावट बायोडेटा पाठवून बघितले, पात्रता सारखीच, फक्त नावं काही गोऱ्यांची वाटतील अशी आणि काही कृष्णवर्णीयांची वाटतील अशी. 2004 साली निकाल छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण 10 अर्जांमागे एक फोन, दुसऱ्याला 15 अर्जांमागे. म्हणजे तेवढ्याच लायकीच्या माणसाने दीडपट अर्ज करत बसायचं.

कोणी म्हणेल, मग मेरिटचं काय? मेरिट हवंच, आम्ही तेच तर म्हणतोय. अमेरिकेत ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीत चांगल्या विभागात जायला हायस्कूल पासची अट होती, आणि गंमत बघा, त्याच विभागात आधीपासून असलेले हायस्कूल पास नसलेले गोरे कर्मचारी मस्त काम करत होते. अट सगळ्यांना सारखीच, पण अडकत होते मुख्यतः कृष्णवर्णीय कामगार. 1971 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की ज्या अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नाही ती अशा वेळी चालणार नाही, हेतू भेदभावाचा नसला तरीही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1958 च्या 111 नंबरच्या करारातही वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, मूळ देश, सामाजिक मूळ यावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही असं आहे, आणि कामाला खरोखर लागणारी अट म्हणजे भेदभाव नव्हे हेही त्यातच लिहिलंय. त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही, वेल्डरला वेल्डिंग यायलाच हवं.

तर तुमच्याकडून हवंय ते असं. तुम्ही कुठे भरतीच्या कामात असाल तर तुमच्या पुढच्या जाहिरातीचा मसुदा आम्हाला दाखवा, आम्ही एकेका अटीपुढे 'ही नसली तर कोणतं काम अडेल?' एवढंच विचारू. टेबलावरच्या कामाला ड्रायव्हिंग लायसन्स, डेटा एंट्रीला पदवी, 'तरुण आणि उत्साही उमेदवार', 'सलग अनुभव', हे सगळं सवयीने एकमेकांच्या जाहिरातीतून कॉपी झालेलं असतं, विचार करून कोणी लिहिलेलं नसतं. जमलं तर पहिल्या चाळणीत नाव, वय, फोटो झाका आणि इंटरव्ह्यूत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. अमेरिकेतल्या कितीतरी ऑर्केस्ट्रांनी 1970-80 च्या दशकात पडद्याआडून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली, चपला-बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून काही ठिकाणी कार्पेटही टाकायचे! त्यापुढे नाव झाकणं काहीच नाही.

भरतीत नसाल पण नोकरीत असाल तर आठवड्यातला एक तास द्या. मॉक इंटरव्ह्यू घ्या, बायोडेटा वाचून खरं काय ते सांगा (उगाच 'छान आहे' नको), आणि तुमच्याकडे जागा निघाली की ओळखीच्या ग्रुपवर टाकता तशी आमच्याकडेही टाका, ही सगळ्यात स्वस्त मदत आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी मिळते.

आता पैसे. ते जातात इंटरव्ह्यूच्या प्रवासाला, परीक्षेच्या फीला आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला. दुभाष्याचा खर्च खरं तर मालकाने करायला हवा, संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कामाच्या जागी वाजवी सोय करून द्यायची असं आहे, पण तो वाद मिटेपर्यंत उमेदवाराची तारीख निघून जाते, म्हणून आत्ता आम्हीच करतो. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, जमाखर्च दर महिन्याला सगळ्यांना बघायला मिळेल. जुना लॅपटॉपही चालेल, फक्त चार्जरसकट द्या प्लीज, बिनचार्जरचे आमच्याकडे भरपूर साठलेत.

वेळ देणाऱ्यांनी कोणता वार जमेल आणि कोणत्या क्षेत्रात काम करता एवढं कळवा, जोडी आम्ही लावून देऊ.