मालकाचं नाव काय लिहू, मंत्रीमहोदय? एका हमालाचं खुलं पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या एका मालधक्क्यावर मी सव्वीस वर्षं हमाली करतो. धक्क्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की फोन आमच्या मुकादमाला येतो आणि दुसऱ्या दिवशी टोळी घरी बसते. डाव्या हाताला पट्टी आहे, त्यामुळे मी सांगतोय आणि मुलगी लिहितेय. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

गेल्या मंगळवारी युरियाची रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी, धक्क्याला लागली. संध्याकाळी सातला लागणार होती, रात्री एकला लागली. आम्ही सहापासून जेवणाचे डबे उघडून बसलेलो. धक्क्यावरचा मोठा दिवा दिवाळीपासून बंद आहे, म्हणून वाघिणींची, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची, दारं मोबाइलच्या उजेडात उघडतो. एका वाघिणीचं दार गंजून बसलेलं. दोघांनी पहार लावली, मी दार धरलं. "मांगे सरक भो!" असं कोणीतरी ओरडलं, तोवर दार सुटलं होतं. करंगळी अर्धी राहिली. शेजारच्या बोटाचं डॉक्टर अजून बघू म्हणतात.

मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, कामावर झालं का? हो. मग मालकाचं नाव सांगा. मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. हाताला गुंडाळलेल्या उपरण्यातून रक्त ठिबकत होतं आणि मी माझा मालक कोण ते आठवत होतो.

सकाळी हुंडेकऱ्याला, म्हणजे माल उतरवायच्या ठेकेदाराला, फोन केला. म्हणाला, "रेल्वेच्या हद्दीत झालं, रेल्वेले विचार." धक्क्यावरचे बाबू म्हणाले, तुम्ही रेल्वेचे नाहीत, माल ज्यानं मागवला त्याला विचारा. माल ज्याचा, त्याचा माणूस म्हणाला, उतरवायचं काम आम्ही हुंडेकऱ्याला दिलंय. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्यांची दहाच्या दहा शाबूत आहेत. केसपेपरावरचा तो रकाना अजून कोरा आहे.

साहेब, वाघिणीवर नंबर असतो, गोणीवर कंपनीचं नाव असतं. रॅक लागल्या मिनिटापासून तुमचं घड्याळ सुरू होतं. माल उतरवायचे मोकळे तास संपले की डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतं, आणि चढलं की शिव्या आम्हाला. मंगळवारी माझं बोट गेलं तेव्हा ते घड्याळ थांबलं नाही. रॅक सहा तास उशिरा आली, त्याचं डॅमरेज कोणी भरलं? आमचे ते सहा तास कोणत्या वहीत गेले?

मुलीनं कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, चुकला असेल तर तुमच्या अधिकाऱ्यांकडून दुरुस्त करून घ्या. एका रॅकमध्ये साधारण 2,600 टन खत. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली, आधी 50 ची होती (पाच किलो कमी केल्याबद्दल आभार, मानेला कळलं). म्हणजे सत्तावन्न हजारांवर गोण्या. आम्ही एकशेवीस जण. माणशी चारशे ऐंशी गोण्या, साडेएकवीस टन. नऊ तास धरले तर मिनिटाला एक गोणी पाठीवर, त्यातच पाणी, त्यातच लघवी. गोणीमागे काय मिळतं तेही लिही म्हटलं, तर मुलगी नको म्हणाली. तिला कॉलेजात जायचं असतं.

पाण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी भर मे महिन्यात एक मोठे साहेब धक्क्यावर आले होते. आमच्याकडे मे म्हणजे पारा 45 च्या पुढे. पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि अर्ध्या धक्क्याला तर पत्राही नाही. साहेबांनी टेप धरायला लावली. इथे शेड, इथे पिण्याचं पाणी, इथे संडास, अशा चुन्याच्या रेघा मारल्या. आमच्यासोबत फोटो काढला. "दिवाळीच्या आत," म्हणाले. कोणती दिवाळी ते विचारायचं आमच्याकडून राहिलं. चुना पहिल्याच पावसात वाहून गेला. संडासाच्या जागी आता बाभळी आहेत, त्यामुळे तसं पाहिलं तर सोय झालीच.

प्रवाशांची स्टेशनं मात्र चकाचक होताहेत. 22 मे 2025 ला देशातल्या 103 स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात आमच्या खान्देशातली सावदा आणि धुळे होती. आनंद आहे. आम्हीही कधीतरी प्रवासाला जातो. पण 2024-25 मध्ये रेल्वेनं 160 कोटी टनांवर माल वाहिला म्हणून तुम्ही पाठ थोपटून घेतली, तेव्हा आमची पाठ आठवली का? वाहिला इंजिनानं, कबूल. पण खताची गोणी वाघिणीतून आपल्या पायांनी उतरत नाही.

बरं, निदान काम तरी टिकवायचं. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून बिहारच्या दानापूरला पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची गाडी, सुटली. मग आमच्या रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या आदर्शनगरला जाऊ लागली. निम्मं भाडं सरकार भरत होतं. केळीचं काम वेगळंच असतं साहेब. माल थंड, हाताला मऊ, संध्याकाळी घरी जाताना अंगाला युरियाची आग नाही. 2022 ला अनुदान आटलं आणि गाड्याही आटल्या. जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, 2016 चं. मानांकन मिळालेली केळी ट्रकमध्ये बसून हायवेनं जाते आणि आम्ही रिकाम्या सायडिंगकडे बघत बसतो. शेतकऱ्याला विचारलं तर व्यापाऱ्याचं नाव सांगतो, व्यापाऱ्याला विचारलं तर वाघीण मिळत नाही म्हणतो.

सप्टेंबर 2024 मध्ये मनमाड-इंदूर मार्ग मंजूर झाला. 309 किलोमीटर, 18,036 कोटी. होऊ द्या, धुळ्याचं भलं होईल. त्या आकड्याच्या शेपटीला छत्तीस कोटी आहेत, ते आम्ही मागत नाही. छत्तीस लाखांत आमचं पाणी, दिवा आणि चार संडास होऊन वर चहाला उरतील.

आम्हा हमालांसाठीचा माथाडी कायदा राज्याचा आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणाच. 1969 चा आहे, माझ्यापेक्षा वयानं मोठा. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या मुकादमाच्या घरी भिंतीवर आहे. पण नोंदणीला गेलं की मालकाचं पत्र मागतात. झालं, पुन्हा तोच रकाना. राज्य म्हणतं जागा केंद्राची, केंद्र म्हणतं कायदा राज्याचा, आणि मतदानाच्या दिवशी दोघांच्या गाड्या आमच्या दारात. तेव्हा कोणी विचारत नाही, तू कोणाचा.

समुद्र इथून तीनशे किलोमीटर लांब. परदेशी युरिया तिकडे बंदराच्या धक्क्यावर उतरतो, इकडे आमच्या. तिकडच्या भावांचं काय चाललंय माहीत नाही. भेटले तर त्यांना विचारणार आहे, तुमच्या केसपेपरावर काय लिहितात?

मागणं थोडं आहे. दिवा लावा. पाणी द्या. रॅक उशिरा आली तर आमचे तास मोजा. आणि धक्क्यावर माणूस जखमी झाला तर जबाबदार कोण, ते एका कागदावर लिहून सही-शिक्क्यानिशी भिंतीला चिकटवा. नाव कोणाचंही चालेल. माझं बोट तर गेलंच, पण माझा मेहुणा त्याच टोळीत आहे आणि त्याची दहा आहेत अजून.

हे सांगता सांगता टोळीच्या ग्रुपवर मेसेज आला. मुलीनं वाचून दाखवला: "आज रात्री साडेअकरा. सिमेंट. बॅटऱ्या घरून आणा."

आपला,
एक हमाल, जिल्हा जळगाव