त्या चेंडूविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझ्या नववीच्या वर्गातील ४१ मुलांपैकी २३ जणांनी तुझेच उत्तर दिले. कोणत्या प्रश्नाचे, ते तुला सांगण्याची गरज नाही. तुझ्या मागच्या दोन पत्रांना मी एका ओळीचेही उत्तर पाठवले नाही, याबद्दलचा तुझा राग रास्त आहे. परंतु ही हकीकत कळवावी अशी दुसरी व्यक्ती माझ्या ओळखीत नाही, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे. माझी प्रकृती बरी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. या विषयावर एवढे पुरे.

झाले असे की, या वर्षी मी वर्गात उत्तरपत्त्यांचा प्रयोग सुरू केला. प्रत्येक मुलाजवळ कागदाचा एक पत्ता असतो आणि त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक आकृती छापलेली असते. प्रश्न विचारला की ज्या पर्यायाचे अक्षर वर यायला हवे त्या बाजूने पत्ता फिरवून मुले तो उंच धरतात, मी माझ्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि किती जणांनी कोणते उत्तर दिले ते मला क्षणात दिसते. प्रत्येक पत्त्यावरील आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचा पत्ता पाहून त्याचे उत्तर ओळखता येत नाही. मुलांना स्वतःचे यंत्र लागत नाही, ही याची मोठी सोय.

त्या दिवशी मी विचारले की, सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटला आहे आणि अजून वर जातो आहे. हवेचा रोध सोडून द्या, आता त्यावर कोणते बल कार्य करते? गेली वीस वर्षे हा भाग मी शिकवतो आहे आणि दर वर्षी ‘समजले ना?’ या माझ्या प्रश्नाला वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले आहे. १४ मुलांनी ‘केवळ गुरुत्वीय बल’ हे बरोबर उत्तर निवडले, ४ जण भलतीकडे गेले आणि उरलेल्या २३ जणांना असे वाटत होते की हाताने दिलेले बल चेंडूत अजून शिल्लक आहे, ते हळूहळू संपते आणि संपले की चेंडू खाली येऊ लागतो. मोबाइलवरील तो आकडा पाहिला आणि मला समोरचा वर्ग दिसेनासा झाला. आपला वर्ग दिसू लागला, आणि उजवीकडच्या रांगेत उभा असलेला तू.

आता जे लिहितो आहे ते मला तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते. त्या दिवशी सरांनी हात वर करायला सांगितले तेव्हा बरोबर उत्तरासाठी माझा हात वर होता, हे तुला आठवत असेल. तो हात मी पहिल्या बाकावरचे हात पाहून वर केला होता. माझ्या मनात तुझेच उत्तर होते, शब्दन्‌शब्द तुझेच. तू मात्र उभा राहून जे वाटते ते सांगितलेस, वर्ग हसला, तास संपेपर्यंत तुला तसेच उभे ठेवण्यात आले, आणि ‘चेंडूच्या खिशात बल’ ही थट्टा पुढे वर्षभर तुझ्या मागे लागली. हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे तू विज्ञान सोडून हिशेबाकडे वळलास आणि तिथून संगणकाच्या कामात शिरलास. ‘वडिलांची इच्छा होती’ असे तू नेहमी सांगत आलास, पण ते मला कधी पटले नाही.

तुझ्या त्या उत्तराची वंशावळ मी अलीकडे शोधून काढली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक खगोलज्ञ हिपार्कस याचे मत नेमके असेच होते, म्हणजे फेकणाऱ्याने दिलेले बल वस्तूत राहते, ते क्षीण होत जाते आणि म्हणून वस्तू आधी वर जाते व मग खाली येते. तरुणपणी गॅलिलिओनेही जवळजवळ असाच विचार मांडला होता, आणि गतीचे नियम मांडणारा न्यूटनचा ग्रंथ यायला १६८७ उजाडावे लागले. जिथे मोठमोठ्या विद्वानांची बुद्धी शतकानुशतके अडली होती, तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा अडला तर त्याला उभे करून ठेवण्याचे कारण नव्हते. त्याला बसवून ‘असे का वाटते?’ एवढेच विचारायला हवे होते.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्यावरही असाच प्रसंग आला होता. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरील अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची एक चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, ही उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. १९९१ पासून माझूर यांनी आपली पद्धत बदलली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. मीही त्या मंगळवारी तेच केले. बरोबर उत्तर सांगितले नाही, आकडेही दाखवले नाहीत. फक्त म्हणालो, ‘शेजाऱ्याला पटवा.’ वर्गात एवढा गलबला झाला की शेजारच्या वर्गावरील बाई दारातून डोकावून गेल्या. मागच्या बाकावरील एक मुलगी, जी वर्षभरात स्वतःहून एक वाक्य बोलली नव्हती, तिच्या शेजारणीला विचारत होती, ‘बल द्यायचे तर हात लागलेला असायला हवा ना? मग हात सुटल्यावर देतो कोण?’ दुसऱ्या फेरीत ३३ मुलांचे उत्तर बरोबर आले. हुशार मुलांचे पाहून इतरांनी उत्तर फिरवले असेल, अशी शंका तू घेशीलच. मीही घेतली होती. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच तपासले आहे. तिथे चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा वेगळा प्रश्न विचारला, तेव्हा ज्या गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते त्या गटांतील मुलांचीही प्रगती दिसली.

आपले जुने भांडण इथे पुन्हा उकरून काढायलाच हवे. वसतिगृहाच्या गच्चीवर तू मला ऐकवले होतेस की एक दिवस प्रत्येक बाकावर एक बटण असेल आणि मास्तरांची गरज उरणार नाही. मी तुला एडिसनचा दाखला दिला होता. चित्रपटामुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, असे त्याने १९१३ मध्ये सांगितले होते आणि तसे काहीही झाले नाही. त्यावर तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, आणि चौथ्या दिवशी अबोला मोडण्यासाठी जी चिठ्ठी दारातून सरकवलीस ती तुझ्या अक्षरामुळे मला आजतागायत वाचता आलेली नाही. ती मी जपून ठेवली आहे, भेटशील तेव्हा वाचून दाखव. आज त्या भांडणातील अर्धी बाजू मी तुला देतो. बटण आले आणि त्याने मला माझ्या वर्गाचे मन दाखवले. उरलेली अर्धी मात्र माझीच. पेरू देशात शाळांमधून मुलांना लॅपटॉप वाटले गेले, आणि २०१२ मध्ये त्याचे मूल्यमापन झाले तेव्हा गणित व भाषा यांच्या गुणांत काही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट दिल्लीतील एका अभ्यासात, जिथे संगणकावरील कार्यक्रम प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखून तिथूनच पुढे नेत होता, तिथे साडेचार महिन्यांतच मुले गणितात आणि हिंदीत लक्षणीय पुढे गेली. यंत्राला मुलाचे ऐकू येते की नाही, हा माझ्या मते त्यातला कळीचा फरक आहे.

आता ज्या काळजीने माझी झोप उडाली आहे, त्याविषयी लिहितो. शाळेच्या व्यवस्थापनाला हा प्रयोग फार आवडला आहे आणि तीच अडचण झाली आहे. मी पत्त्यांचे क्रमांक मुलांच्या नावांशी जोडलेले नाहीत. कोणता पत्ता कोणाकडे आहे ते मला ठाऊक नसते, कारण रोज पत्ते पिसून वाटले जातात. व्यवस्थापनाची इच्छा अशी की पुढच्या सत्रापासून प्रत्येक पत्ता नावावर असावा, प्रत्येक उत्तराची नोंद व्हावी, ती त्याच संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर जावी आणि वर्षअखेरीस तिचे गुण धरले जावेत. हा प्रस्ताव मांडणारा तरुण सहकारी मनापासून मुलांचे भले इच्छितो. मागे पडणारे मूल वेळीच लक्षात येईल, हे त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे मला जड जाते आहे.

पण त्याच्या वर्गात काय झाले ते ऐक. त्याने महिनाभर नावांसह नोंद ठेवली आणि पडद्यावर प्रत्येक नावापुढे हिरवी किंवा लाल खूण दाखवली. पहिल्या आठवड्यात उत्तरे संमिश्र आली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळा वर्ग हिरवा दिसू लागला आणि सर्वांना आनंद झाला. मी एका तासाला मागे जाऊन बसलो तेव्हा मला कारण कळले. वर्गातील सर्वांत हुशार मुलगी पत्ता धरताना मागच्या बाजूने एक, दोन, तीन किंवा चार बोटे पसरत होती आणि तिच्या मागचा सगळा वर्ग त्या बोटांकडे पाहून पत्ते फिरवत होता. मित्रा, ती मुले पहिल्या बाकाकडे पाहत होती. मी पाहिले होते तसेच. इतक्या खटपटीने उभे केलेले यंत्र पुन्हा तिथेच येऊन पोहोचले.

मुख्याध्यापकांनी मला विचारले की, चाचणी घ्यायचीच तर गुण द्यायला काय हरकत आहे? मी त्यांना २००६ चा एक प्रयोग सांगितला. ज्यांनी एक उतारा चार वेळा वाचला त्यांना आठवड्यानंतर त्यातील ४० टक्के आठवले. ज्यांनी तो एकदाच वाचून तीन वेळा स्वतः आठवून लिहिला त्यांना ६१ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हेच तिथे शिकणे होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, मग पालकांची तक्रार पुढे केली की, सर हल्ली शिकवत नाहीत, मुलांना गप्पा मारायला लावतात. या तक्रारीचा मला राग येत नाही. २०१९ साली हार्वर्डमध्येच असे दिसून आले की चर्चेच्या वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले होते, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना स्वतःला वाटत होते. डोक्याला पडणारा ताण म्हणजे न समजणे, असा सर्वांचाच समज होतो.

घरच्या अभ्यासाचीही तीच गोष्ट आहे. उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या हाती आली आहे, आणि ती काढून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. तुर्कस्तानात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात ती वापरणाऱ्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण ती काढून घेतल्यावर परीक्षेत ते, ती कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. तिला तयार उत्तर न देता केवळ इशारे द्यायला लावले, तेव्हा हे नुकसान जवळपास टळले. स्वतः चुकण्याची पाळी मुलावर आधी आली पाहिजे, मग मदत. हे त्या सहकाऱ्याला पटते. पत्त्यांच्या बाबतीत मात्र पटत नाही.

येत्या शुक्रवारी बैठक आहे आणि मला लेखी म्हणणे द्यायचे आहे. तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. पहिली तुझ्या कामातली. मागे पडणारे मूल शिक्षकाला कळावे, पण वर्गासमोर, पालकांपुढे आणि गुणपत्रकात त्याची चूक जाऊ नये, अशा रीतीने नोंद ठेवता येते का? मूल स्वतः होऊन ‘मला मदत हवी’ म्हणेल तेव्हाच त्याचे नाव उघड व्हावे, अशी काही योजना माझ्या मनात आहे. व्यवस्थापन म्हणते की असे करता येत नाही. तुला ते ठरवता येईल, आणि तू ‘नाही’ म्हणालास तर मी मान्य करीन.

तुझी नवी नोकरी कशी चालली आहे? वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे तुझ्या पत्रातून कळले, त्याच वेळी लिहायला हवे होते. लेकीला परीक्षेसाठी आशीर्वाद. तिला गणिताची भीती वाटते असे लिहिले आहेस, तर सुट्टीत तिला पंधरा दिवस माझ्याकडे पाठव.

दुसरी गोष्ट म्हणजे परवानगी. उजवीकडच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाची हकीकत मला त्या बैठकीत सांगायची आहे, नाव न घेता. तू हो म्हटल्याशिवाय मी ती सांगणार नाही. गुरुवारपर्यंत दोन ओळी पाठव, आणि कृपा करून त्या टंकलिखित असू देत. त्या दिवशी वर गेलेल्या माझ्या हाताविषयी मात्र मी मंगळवारीच, दुसऱ्या फेरीनंतर, वर्गाला सांगून टाकले आहे. कोणी हसले नाही. त्या मागच्या बाकावरील मुलीने विचारले, ‘सर, मग तुमच्या मित्राला नंतर कोणी समजावून सांगितले का?’

तुझा,
बाकावरचा सोबती