घटाची पाचवी माळ

शहापूर, बेळगाव
आश्विन शुद्ध पंचमी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सकाळी घटावर पाचवी माळ सोडली. कोंब बोटभर वर आलेत. पाणी शिंपडताना फोनवरचा तुझा प्रश्न आठवला. बदामीच्या म्युझियममध्ये त्या मूर्तीपुढून मी तुला ओढत का नेलं?

तू सहावीत होतीस. अंगावर वस्त्र नाही, पाय फाकलेले. ही देवी म्हणून मुलीला कशी दाखवायची, मला सुचलं नाही. चुकलं माझं.

ती लज्जागौरी. चालुक्यांच्या काळातली, नागनाथकोळ्ळची. तिला डोकं नाही, त्या जागी उमललेलं कमळ आहे. पाय बाळंत होणाऱ्या बाईसारखे. शंकरानं पार्वतीची परीक्षा घेतली, लाजेनं तिचं मस्तक गळालं, अशी कथा सांगतात. मला ती मागाहून जोडलेली वाटते. कारण तिच्या काही रूपांत बाईसुद्धा नाही गं! नुसता भरलेला घट आणि त्याला दोन पाय. घट म्हणजे पोट, पाण्यानं भरलेलं, आणि तोंडातून कमळ वर आलेलं. यात लाजायचं काय आहे? आपण देव्हाऱ्यात मांडतो तो घट याहून वेगळा काय आहे? खाली काळी माती, वर पाण्याचा कलश, भोवती उगवणारं धान्य. वर्षानुवर्षं मी तो हातानं मांडत आले आणि तिच्यापुढून मान खाली घालून गेले, याचं वाईट वाटतं.

तिकडे आंध्रात नागार्जुनकोंड्याला इक्ष्वाकू राजघराण्यातल्या एका राणीनं अशीच मूर्ती करवली होती, चालुक्यांच्याही आधी. तिच्यावरच्या लेखात राणी स्वतःला अविधवा, जीवपुत्रा म्हणवते, म्हणजे नवरा आणि मुलं जिवंत असलेली. आपल्या सौंदत्तीच्या यल्लम्माची अहेव पुनव असते ना, तो 'अहेव', म्हणजे सवाष्ण, हा शब्द या 'अविधवा'तूनच आलाय. शब्द एवढा टिकला, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

ऐहोळेजवळ सिद्धनकोळ्ळला ती अजून पूजेत आहे. कोळ्ळ म्हणजे घळ. पाण्याच्या कडेलाच तिचं ठाणं. मूल हवं असलेल्या बायका तिथं येतात, तिला तेल, कुंकू लावतात.

दसऱ्याला येतीस तेव्हा कोंब तुझ्या केसांत खोवायला ठेवते. सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरू. आधी बदामी, मग सिद्धनकोळ्ळ. या खेपेला मी तुझ्याशेजारी उभी राहीन, आणि तुला बघायचं तेवढा वेळ बघ.

तुझी,
आई