अधिवेशन संपायच्या आत आमदारांनी कळवावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशनाचा शेवटचा आठवडा आला की आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे फोटो सुरू होतात. साहेब निवेदन देताना, साहेब मंत्र्यांसोबत, साहेब फलक घेऊन उभे. फोटोला कुणाची हरकत नाही, पण त्याच आठवड्यात सभागृहात आमच्या पीकविम्याचं, रस्त्याचं, ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागांचं नेमकं काय चाललंय हे त्यात कुठंच नसतं, आणि आम्हाला कळतं तोवर अधिवेशन संपून साहेब गावाकडं आलेले असतात, हारतुरे होतात, "प्रश्न मांडला" म्हणून भाषणात सांगितलं जातं आणि विषय तिथंच मिटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही माहिती अधिवेशन चालू असतानाच आली पाहिजे. वर्षाच्या शेवटी गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल घरोघर वाटून काय फायदा? अधिवेशन संस्थगित झालं की प्रलंबित विधेयकं तेवढी टिकतात, घटनेच्या १९६ व्या कलमातच तसं आहे, पण आमदारांनी दिलेल्या आणि चर्चेला न आलेल्या बाकीच्या बहुतेक सूचना बाद होतात आणि परत नव्यानं द्याव्या लागतात. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं उत्तर मागणारी सूचना, दिली पण चर्चेला लागलीच नाही, आणि लक्षवेधी लागून मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं, या दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे, कारण मंत्र्यांनी तिथं शब्द दिला तर त्यामागं लागायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आमच्या विषयाचं यातलं काय झालं हे शेवटचे तीन चार दिवस बाकी असताना समजलं तर गावातली माणसं फोन करतील, ग्रामपंचायतीचा ठराव पाठवतील, शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारालाही तोच विषय उचलायला सांगतील.

पैशाचंही तसंच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पहिल्याच दिवशी ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरच्या जादा खर्चाच्या मागण्या आल्या, डिसेंबरमध्ये नागपूरला ७५ हजार २८६ कोटींच्या. एवढ्या मोठ्या आकड्यात आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आलं, आलं का नाही, हे मागण्या मंजूर व्हायच्या आधी आमदारांनी सांगायला नको का? त्याची पुस्तकं त्यांच्या हातात दिलेली असतात. आणि नागपूरचं ते अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे शनिवार रविवार धरून फक्त सात दिवसांचं होतं, तिथं कळवायला उशीर केला तर उरतंच काय!

लोकांना यात इंटरेस्ट नसतो असं कुणी म्हणत असेल तर कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक आठवावं. ते डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं, समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या तर बारा हजारांच्या वर आल्या. १० जुलै २०२५ ला ते विधानसभेत मंजूर झालं, अधिवेशन १८ ला संपलं. विधेयक बरं का वाईट यावर मी इथं बोलत नाही, विचारलं की लोक लिहितात एवढंच दाखवायचंय. आमच्या भागात मात्र अशा काही सूचना मागवल्यात हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, आणि ते सांगणं आमदारांचं काम होतं असं मला ठामपणे वाटतं.

माझी बहीण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असते. तिथलं राज्याचं अधिवेशन एका वर्षी १०५ दिवस आणि दुसऱ्या वर्षी ६० दिवस असं ठरलेलं असतं, आणि शेवट जवळ आला की तिच्या भागातल्या प्रतिनिधीचा ईमेल येतो, कुठलं बिल पास झालं, कुठलं अडकलं, बजेटमध्ये भागासाठी काय आहे, मी कुणाच्या बाजूनं मत दिलं आणि का. आपल्याकडं ईमेल नको, शेवटच्या आठवड्यात रोज रात्री दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाका, आणि ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी एक कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. आमदारांच्या स्वीय सहायकाचा पगार सरकारी तिजोरीतून जातो, त्यामुळं हे करायला माणूस नाही असं कुणी सांगू नये.

आपल्या पेपरलाही विनंती आहे. जिल्ह्याच्या पानावर कोण कुणाला काय बोललं हे रोज येतं, त्याऐवजी अधिवेशन संपायच्या चार दिवस आधी एक चौकट द्या, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराचे किती प्रश्न लागले, कुठली लक्षवेधी राहिली, कुठलं आश्वासन मिळालं. आणि जे आमदार माहिती देणार नाहीत त्यांच्या नावापुढं तसंच छापा.

आपला,
एक नियमित वाचक आणि मतदार, मराठवाडा