नफ्याशेजारी रोखप्रवाहही छापावा

महोदय,

कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्यांत प्रतिसमभाग मिळकत (म्हणजे एका समभागाच्या वाट्याला येणारा नफा) वाढल्याचा उल्लेख ठळकपणे येतो. ती कशामुळे वाढली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. समजा, एका कंपनीचा नफा १०० कोटी आहे, समभाग १० कोटी आहेत आणि एका समभागाचा बाजारभाव १०० आहे. तिने ६ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्ज काढून स्वतःचेच २ कोटी समभाग विकत घेऊन रद्द केले, तर (कराचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू) व्याजापोटी १२ कोटी जाऊन नफा ८८ कोटींवर येतो. पण तो आता ८ कोटी समभागांतच वाटायचा असल्याने प्रतिसमभाग मिळकत १० वरून ११ होते. नफा घटला, डोक्यावर कर्ज चढले, एका नगाचीही विक्री वाढली नाही, तरी आकडा १० टक्क्यांनी सुधारला. वरिष्ठांचा बोनस याच आकड्यावर ठरत असेल, तर हा खटाटोप कोणासाठी, हे सांगायला नको. शिलकी रोकड भागधारकांना परत देण्यासाठी केलेल्या पुनर्खरेदीला माझा आक्षेप नाही.

अशा क्लृप्त्यांचा पुढचा टप्पा म्हणजे उद्याची कमाई आजच वहीत मांडणे. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने जुलै २००० मध्ये चित्रपट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर कंपनीबरोबर इंटरनेटवरून घरोघरी चित्रपट पुरवण्याचा २० वर्षांचा करार केला आणि सेवा चाचणीच्या टप्प्यातच असताना त्यातून ११ कोटी डॉलरहून अधिक नफा दाखवला. मार्च २००१ मध्ये करार मोडला. डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने तर तिमाही संपताना रोखे तारण ठेवून घेतलेले कर्ज ‘विक्री’ म्हणून नोंदवले आणि काही दिवसांनी तेच रोखे परत घेतले. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीअखेर सुमारे ५० अब्ज डॉलर अशा रीतीने ताळेबंदातून तात्पुरते नाहीसे झाले होते, त्यामुळे कर्जाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी भासले.

या तिन्ही प्रकारांत नवी संपत्ती निर्माण झाली नाही. फक्त तिच्यावरील हक्कांची किंवा नोंदींच्या तारखांची फेरमांडणी झाली. नफ्याच्या आकड्यात अंदाजाला वाव असतो. व्यवसायातून प्रत्यक्ष हाती आलेल्या रोकडीत तो बराच कमी असतो. म्हणून आपल्या अर्थविषयक पानावर निकाल देताना नफ्याशेजारी व्यवसायातील रोखप्रवाह, एकूण कर्ज आणि समभागांच्या संख्येतील बदल हे तीन आकडेही छापावेत, अशी विनंती आहे.

– एक वाचक